गोधडीच्या पैशातून मुलींची शाळा, आणि त्यात परदेशी विद्यार्थी कुठे? – नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आम्ही सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, म्हसवडच्या बाजूला काम करतो. गावातल्या बायका गोधड्या शिवतात, त्यातला काही पैसा मुलींच्या नववीनंतरच्या शिक्षणाला जातो आणि जर्मनी-अमेरिकेतल्या शाळांमधली मुलं यात आमच्या मुलींच्या बरोबरीने भाग घेतात. मेसेजमध्ये तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढलंय, वाचा आणि मग विचारा.

गोधड्या मुलीच शिवतात का?

नाही. हा प्रश्न सगळ्यात आधी घेतला कारण गैरसमज इथेच होतो. गोधड्या शिवतात त्या आया, आज्या, मावश्या, म्हणजे अठरा वर्षांच्या पुढच्या बायका, आणि त्यांना त्याची मजुरी मिळते. मुलीचं काम शाळेत जायचं. "मुलींनी शिवलेली गोधडी" असं लेबल लावलं तर परदेशात माल पटकन खपेल असं आम्हाला बऱ्याच जणांनी सुचवलंय, चांगल्या मनानेच सुचवलंय, पण ते आम्ही करणार नाही. मुलीच्या शाळेसाठी मुलीनेच रात्री बसून टाके घालायचे म्हणजे शाळेच्या नावाखाली तिच्या डोक्यावर अजून एक काम टाकायचं. पाणी भरणं, धुणीभांडी, धाकट्या भावाला सांभाळणं हे आधीच आहे तिच्यामागे.

कायद्याचंही सांगते. बालकामगार कायदा 1986 चा, 2016 मध्ये त्यात बदल झाला, त्यानुसार 14 वर्षांखालच्या मुलांना कुठेही कामाला लावता येत नाही, शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या कामात, घरच्या धंद्यात हातभार लावायची सूट आहे आणि तेही काम धोक्याचं नसेल तरच. या सवलतीचा आधार घेऊन लोक बरंच काही करतात, आम्हाला त्या वाटेला जायचंच नाहीये.

मग मुलींना ही कला शिकवायचीच नाही का?

शिकवायची की! शनिवारी दुपारी आजीजवळ बसून धावदोरा शिकतात, छोटे चौकोन करतात, ते विकत नाही, त्यांचे त्यांच्याकडेच राहतात.

हा वाद जुनाच आहे बरं का. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली, तिथून नई तालीम ही शिक्षणपद्धत पुढे आली. हस्तोद्योगातून शिक्षण ही कल्पना बहुतेकांना पटली होती, पण मुलांनी केलेल्या वस्तू विकून शिक्षकांचा पगार निघावा या मुद्द्यावर मात्र बरीच चर्चा झाली. पुढे याच परिषदेने नेमलेल्या झाकीर हुसेन समितीनेही अहवालात बजावलं होतं की पैशाच्या बाजूवर जास्त जोर दिला तर शिकणं मागे पडेल. आम्ही तो इशारा मनापासून घेतलाय. मूल हाताने काही करताना खूप शिकतं, पण मालाचं टार्गेट डोक्यावर आलं की शिकणं संपतं आणि कारखाना सुरू होतो.

महाराष्ट्रात मुलींचं शिक्षण फुकट आहे ना? मग पैसे लागतात कशाला?

फी माफ आहे हे खरं. शिक्षण हक्क कायदा 2009 मुळे 6 ते 14 वयापर्यंत शिक्षण मोफत, राज्यात मुलींना बारावीपर्यंत फी नाही, अहिल्याबाई होळकर योजनेतून खेड्यातल्या मुलींना शाळेसाठी एसटीचा पास फुकट, आणि 2024 पासून केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक कोर्सला जाणाऱ्या आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) मुलींची फी पण माफ, घरचं उत्पन्न वर्षाला 8 लाखांच्या आत असेल तर. या योजना चांगल्याच आहेत, आम्ही प्रत्येक मुलीला त्या मिळवून देतो.

पण फी सोडून जो खर्च असतो ना, गळती तिथे होते. पास फुकट आहे पण एसटी वस्तीवर येत नाही, फाट्यापर्यंत चालत जायचं, संध्याकाळची गाडी चुकली की अंधार, आणि दोनदा असं झालं की घरचे म्हणतात बास झालं आता. तिथे सायकल लागते, नाहीतर चार घरांनी मिळून रिक्षा. मग गाईड, प्रॅक्टिकलच्या वह्या, पॅड, बारावी सायन्स असेल तर क्लास, मोबाइलचा रिचार्ज. आणि दाखले! उत्पन्नाचा, जातीचा, रहिवासी, नॉन क्रीमिलेयर. दाखल्याची फी थोडीच असते पण त्यासाठी आई नाहीतर बापाला तालुक्याला जावं लागतं, एक दिवसाची मजुरी बुडते, सर्व्हर बंद असला की दुसरा दिवस, आणि दाखला वेळेत नाही आला की फी माफी कागदावरच राहते. म्हणून आमच्या निधीतून दाखल्यासाठी बुडालेली मजुरीसुद्धा देतो. देणगीदारांना हे ऐकून नवल वाटतं, त्यांना वह्या-दप्तरं द्यायची असतात, पण आमच्या मते हा सगळ्यात कामाचा खर्च आहे.

गोधडीच का? पैठणी, वारली असं काही का नाही?

कारण इकडच्या बायकांच्या हातात गोधडी आहे. पैठणीला माग लागतो, वर्षानुवर्षांची शिकवण लागते. वारली चित्रं डहाणू-पालघरकडच्या आदिवासी समाजाची, त्याला 2014 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, ते आपण इकडे रंगवून विकणं बरोबरच नाही. 2025 च्या जूनमध्ये प्राडा या इटलीतल्या फॅशन कंपनीच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि कोल्हापूरचं नावच नव्हतं, तेव्हा आपण सगळे चिडलो होतो ना, मग तोच न्याय आपल्यालाही लागू.

गोधडीला भांडवल जवळजवळ लागत नाही. जुनेर, म्हणजे वापरून मऊ झालेल्या सुती साड्या, खाली अस्तर, सुई, दोरा आणि सावलीची जागा. जमिनीवर अस्तर अंथरायचं, चार कोपऱ्यांवर दगड ठेवून ताणायचं, त्यावर जुनेराचे थर सुरकुती न पडता लावायचे, मोठे कच्चे टाके मारून घ्यायचे आणि मग कडेने सुरुवात करून चौकोनात फिरत फिरत मध्यापर्यंत धावदोरा. आमच्या एक आक्का आहेत, त्यांना नंबरचा चष्मा लागलाय पण टाका अजून तांदळाच्या दाण्याएवढा पडतो, आणि रांग वाकडी गेली की बोट फिरवूनच त्यांना कळतं, बघावं लागत नाही.

शिवाय हे काम घरी बसून, मध्ये उठून भाकरी टाकून परत बसता येतं. बायकांच्या दिवसाला ते बसतं.

एवढी महाग का? बाजारात तर हजार-बाराशेला मिळते.

बाजारात मशीनची मिळते, किंवा हाताची असेल तर शिवणारीला काही मिळालेलं नसतं. आमचा हिशोब उघडा आहे. समजा सिंगल बेडची गोधडी, हातशिवण, 70 तास लागले. तासाला 70 रुपये धरले तर मजुरी 4,900. अस्तराचं नवं कापड 450, सुई-दोरा 150, धुणं-इस्त्री 200, पॅकिंग 100. झाले 5,800. त्यावर 1,000 रुपये शिक्षण निधीचे. म्हणजे 6,800, पोस्टेज वेगळं. तास कमी-जास्त होतात, डिझाइनवर आहे, पण प्रत्येक बाईची वही असते आणि त्यात रोज किती वेळ बसली ते लिहिलेलं असतं, ज्यांना लिहिता येत नाही त्यांची वही त्यांची मुलगी लिहिते.

मजुरीतून आम्ही काहीच कापत नाही. निधीचे हजार मजुरीच्या वर लावलेले आहेत, ते बचत गटाच्या खात्यात जातात आणि कुठल्या मुलीला कशासाठी द्यायचे हे बायका बैठकीत ठरवतात, आम्ही नाही ठरवत. घासाघीस कराल तर आधी मजुरी कमी होणार, म्हणून आम्ही घासाघीस करत नाही, राग मानू नका.

परदेशातले विद्यार्थी नक्की काय करतात?

पहिलं म्हणजे ते "दत्तक" वगैरे काही घेत नाहीत. एका मुलीचा फोटो, तिची दुःखाची गोष्ट आणि खाली अमुक रक्कम, हा प्रकार आमच्याकडे नाही.

वर्गाची जोडी वर्गाशी लावतो. आमची नववी आणि त्यांची नववी. दोन्हीकडे मिळून एक काम ठरवतात, मागच्या वेळी नक्षीचं गणित घेतलं होतं, एका चौकोनात तिरके तुकडे लावले तर कापड किती वाया जातं, कोन किती अंशाचे, आणि आमच्या पोरींनी कागद न वापरता कापडाची घडी घालून उत्तर काढलं तेव्हा तिकडचे शिक्षक थांबून परत दाखवा म्हणाले. त्या दिवसानंतर आमच्या मुली इंग्रजी बोलायला लाजायच्या थांबल्या. मोडकंतोडकं बोलतात, पण बोलतात. मला विचाराल तर विक्रीपेक्षा हे मोठं आहे.

दुसरं काम विक्रीचं. तिकडची मुलं आपल्या शाळेच्या मेळ्यात, ख्रिसमसच्या बाजारात स्टॉल लावतात, आधी ऑर्डर गोळा करतात, माहितीपत्रक त्यांच्या भाषेत लिहितात, हिशोब ठेवतात. मजकूर आमच्या मुलींना दाखवल्याशिवाय छापायचा नाही हा नियम आहे. एकदा "गरीब, अशिक्षित स्त्रिया" असं लिहून आलं होतं, मुलींनी ते खोडून "आमच्या आया, ज्यांना 40 प्रकारच्या गोधड्या न मापता शिवता येतात" असं पाठवलं.

त्यांच्या शाळांना यात रस का असतो?

काही शाळांमध्ये अभ्यासाचाच भाग असतो. आयबी डिप्लोमा, म्हणजे बारावीच्या तोडीचा आंतरराष्ट्रीय कोर्स, करणाऱ्या मुलांना सीएएस म्हणून एक भाग पुरा करावा लागतो, त्यात कला, खेळ-हालचाल आणि समाजसेवा येते. आपल्या मुळशीत 1997 पासून युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे, तिथे देशोदेशीची मुलं शिकतात. त्यामुळे "आमच्या मुलांना सहा आठवड्यांचा प्रोजेक्ट हवाय" असे मेल येतात. आम्ही म्हणतो किमान दोन शैक्षणिक वर्षं, आणि मुलं पास होऊन गेली तरी शाळा म्हणून तुम्ही राहणार असाल तर या. सहा आठवड्यांत त्यांचं सर्टिफिकेट होतं, आमच्या मुलीची मैत्रीण मात्र गायब होते.

वेळ कशी जुळवता?

जर्मनीशी सोपं, आपल्याकडे संध्याकाळचे 7 म्हणजे त्यांच्याकडे उन्हाळ्यात दुपारचे साडेतीन, हिवाळ्यात अडीच. कॅलिफोर्नियाशी सकाळी 8 ला बोलतो, तिकडे आदल्या दिवशीची संध्याकाळ असते. लाइट गेली तर व्हॉइस नोट.

हे परदेशी लोकांचं फॅड आहे का? आपल्याकडे याची गरज काय?

फॅड कसलं, महाराष्ट्रात मुलींच्या शिक्षणात परदेशातली माणसं पहिल्यापासून आहेत. पंडिता रमाबाई 1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेला गेल्या, तिथे गावोगाव बोलल्या, 1887 मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली, ठिकठिकाणी त्यांच्या नावाची मंडळं निघाली आणि लोकांनी दहा वर्षं मदत करायचं वचन दिलं. त्यावर 11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात बायका विणकाम, शिवण, छपाईसुद्धा शिकल्या. महर्षी कर्वे सत्तरी ओलांडल्यावर 1929 मध्ये जगभर फिरायला निघाले ते महिला विद्यापीठाचं काम सांगायला आणि निधी जमवायला.

मला त्यातलं दहा वर्षांचं वचन फार महत्त्वाचं वाटतं. आजही संस्थांना एक वर्षाचा निधी मिळतो आणि मुलगी तर पाच वर्षं शिकणार असते.

परदेशातून पैसे घेणं कायदेशीर आहे का?

विक्री आणि देणगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, गल्लत करू नका. परदेशी देणगी घ्यायची तर संस्थेकडे एफसीआरए 2010, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखाली, नोंदणी किंवा परवानगी पाहिजे, आणि 2020 च्या बदलानंतर ते पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. दुसऱ्या नोंदणी असलेल्या संस्थेमार्फत आपल्याकडे वळवून घेऊ हाही मार्ग 2020 पासून बंद आहे.

पण धंद्याच्या ओघात विकलेल्या मालाची किंमत परदेशी देणगीत धरली जात नाही. आमची गोधडी बिलावर जाते, बिलाएवढेच पैसे येतात. कुणी प्रेमाने "वरचे ठेवा" म्हणून जास्त पाठवले तर परत करतो, कारण ते वरचे म्हणजे देणगी. परदेशात राहणारे पण भारतीय पासपोर्ट असलेले आपले लोक स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवतात ते यात येत नाही, तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर मात्र येतं, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असलं तरी. तुमच्या सीएला एकदा विचाराच.

पार्सल कसं पाठवता?

पोस्टाने. निर्यातीसाठी लागणारा आयईसी नंबर काढला, फी 500 रुपये, ऑनलाइन होतो. पोस्टाची डाक निर्यात केंद्रं 2022 पासून सुरू झालीत, तिथे कस्टमचे कागद होतात. युरोपात जुलै 2021 पासून कितीही स्वस्त वस्तू असली तरी व्हॅट लागतो, आणि अमेरिकेने 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलला असलेली सूट ऑगस्ट 2025 मध्ये बंद केली, त्यामुळे तिकडच्या शाळेला कर धरूनच किंमत सांगतो.

पाठवण्याआधी तीन गोष्टी बघतो. रंग जातो का, डांबर गोळीचा वास राहिलाय का, आणि सुई. शिवताना तुटलेलं सुईचं टोक थरात अडकून राहिलं आणि कुणाच्या बाळाला लागलं तर? म्हणून सुया मोजून द्यायच्या, मोजून घ्यायच्या आणि शेवटी सगळ्या गोधडीवरून लोहचुंबक फिरवायचा.

ऑर्डर कधी द्यायची?

ख्रिसमससाठी हवं असेल तर एप्रिल-मेमध्ये. जून-जुलैत पेरणी-खुरपणी असते, बायका रानात असतात, तेव्हा गोधडी बाजूलाच राहणार. "दोन आठवड्यांत 50 नग" अशा ऑर्डर घेत नाही.

मुलींचे फोटो मिळतील का?

गोधडीचे, हातांचे, गावाचे कितीही. मुलींचे चेहरे, नाव आणि गाव एकत्र, असं नाही. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते हे आहेच, पण आम्ही मुलीलाही विचारतो आणि तिचं नाही म्हणजे नाही.

परदेशी मुलं गावात येऊ शकतात का?

येतात, थोडी, शिक्षकांबरोबर. टुरिस्ट व्हिसावर बिनपैशाचं स्वयंसेवी काम जास्तीत जास्त एक महिना चालतं. घरी उतरवलं तर 24 तासांत ऑनलाइन नोंद करावी लागते. ती शाळेत येऊन "शिकवत" नाहीत, आपल्या मुलींच्या वर्गात बाकावर बसतात आणि दुपारी सुई धरायला शिकतात.

मुलीचं लग्न ठरलं तर?

अठराच्या आत असेल तर ते बेकायदेशीर आहे, 2006 चा बालविवाहाचा कायदा स्पष्ट आहे, 1098 या चाइल्डलाइनच्या नंबरवर फोन करता येतो. पण फोन शेवटी. आधी गटातल्या बायका त्या घरी जातात, कारण त्यातल्या निम्म्या स्वतः पंधरा-सोळाव्या वर्षी उजवल्या गेल्यात आणि त्या बोलतात ते आम्ही कुणी बोलू शकत नाही. आईच्या हातात स्वतःचे पैसे असले की घरात तिचा शब्द जरा जड होतो हे आम्ही पाहिलंय. नेहमी थांबतं असं नाही. थांबलं नाही तर त्या मुलीला बाहेरून बारावीचा फॉर्म भरायला लावतो, दोघी-तिघी अशा शिकतायत.

आमचं अमेरिकेतलं मराठी मंडळ आहे, जुन्या साड्या पाठवू का?

नको, साड्या इकडे भरपूर आहेत. तुमच्या मराठी शाळेतली मुलं आमच्या मुलींशी मराठीत बोलली तर खूप होईल, त्यांना मराठी बोलायला कुणीतरी हवं असतं आणि आमच्या मुलींना इंग्रजीला, अर्धा तास हे, अर्धा तास ते.

आमच्या गावात असं सुरू करायचं असेल तर?

परदेशी शाळा शोधायला लगेच पळू नका. आधी उमेदचा (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचा) बचत गट आहे का बघा, हस्तकला विभागाचं कारागीर ओळखपत्र काढून घ्या, पहिल्या दहा गोधड्या पुण्या-मुंबईत पूर्ण भावाने विका, बचत गटांच्या मालाचं सरस प्रदर्शन भरतं, त्यात बसून बघा. गावातल्या नववीच्या हजेरीपटावरून कुठल्या मुली यायच्या बंद झाल्या ते काढा आणि त्यांच्या घरी जाऊन नेमकं काय अडलं ते विचारा, सायकल, दाखला, की अजून काही. जोडीदार शाळेला पहिला मेल मुख्याध्यापकांच्या सहीने जाऊ द्या. हिशोबाच्या वहीचा नमुना आमच्याकडे आहे, मागा, पाठवतो.